पानावर बसून जेवायचं

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी वाडीने ठरवलं, दर पौर्णिमेला विहारासमोर घरदार नसलेल्यांना जेवू घालायचं. विहार म्हणजे काय, जुन्या चावडीलाच चुना फासलेला. रत्नागिरीच्या बंदरावर आणि धर्मशाळेच्या ओसरीत अशी माणसं कायम पडलेली असायची. नियम माझ्या सासूने घातला. उरलंसुरलं वाढायचं नाही, कोरडा शिधा द्यायचा नाही, उभ्याच्या हातावर काही टाकायचं नाही. ज्याला जेवायचंय त्याने पानावर बसायचं, आम्ही गरम भात वाढायचा.

तिचा हट्ट कशापायी ते सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गावातल्या दारांपुढे पदर पसरून उभी राहिलेली. वरून भाकरी पडायची, शिळी, कधी बुरसटलेली. हात लागू नये म्हणून टाकायचे मेले. आता तिला एवढंच हवं होतं, की आपल्या हातचं कुणीतरी बसून खावं.

पहिल्या पौर्णिमेला भात, कुळथाचं सार आणि फणसाची भाजी केली. बंदरावरचा आंधळा फकीर पोटभर जेवला, दुवा देऊन गेला. दोन महारोगी आले. सासूचा चेहरा नुसता फुलला होता. मग कुणीतरी म्हणालं, धर्मशाळेतली म्हातारी आली नाही. सासू म्हणाली, चल गो, आपण बोलवून आणू.

म्हातारीचा मुलगा तिला ओसरीत बसवून मुंबईला गेला होता, तो परतलाच नव्हता. येणारेजाणारे मूठभर तांदूळ देत, ते ती तीन दगडांवर शिजवून खाई. चूल थंड दिसत होती. तिची जात आम्ही विचारली नाही. तिने मात्र आमची विचारली.

सासूने सांगितली. म्हातारी अंग चोरून मागे सरकली. "शिजवलेला नको बाय. तांदूळ द्या. मी रांधीन."

"भात तयार हाय, आये. गरम हाय."

"तांदूळ द्या."

भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात. साफ खोटं. पोटात दाणा नव्हता, पण पीळ होता तसाच. सासू वळली आणि तडक घरी आली. संताप माझाही झाला. पण दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना पाहिलं, चूल थंडच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी गुपचूप पदरात शेरभर तांदूळ बांधले.

सासूने दारातच धरलं. "दे, खुशाल दे. आपल्या हातचा भात बाटलेला, तांदूळ तेवढा चोख, असं एकदा कबूल कर आणि दे."

मी तांदूळ परत मडक्यात ओतले. तिचं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबरच वाटतं, म्हणून तर जास्त राग येतो.

पाचव्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई वाडीत आला. धर्मशाळेतली म्हातारी मेली, चार जण उचलायला चला, म्हणाला, जणू ते आमचं बापजाद्यांपासूनचं कामच. ओसरीवरच्या कुणी हात लावला नव्हता. आमच्या पोरांनी सांगितलं, ती कामं आम्ही सोडली. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

सासू घरातून बाहेर आली. "ढोर वढायचा सोडला आपण," ती म्हणाली. "माणूस उचलायचा नाय सोडला."

चौघे गेले. मागून आम्ही दोघी. म्हातारीला तिरडीवर ठेवताना सासूने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तेव्हा गावातल्या एकाचीही हरकत आली नाही. जिवंतपणी ज्या हातचा घास चालला नाही, ते हात मेल्यावर कसे सगळ्यांना चालले. थू असल्या जातीवर.

घरी येऊन सासूने अंघोळ केली. चुलीपुढे बसली, पण चूल पेटवली नाही. मग मला विचारलं, "किती दिस उपाशी होती गो ती?"

मी रोज तिच्यासमोरून पाणी आणत होते. मला माहीत होतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक."