खांडेनवमी आणि डाव्या पंखाचे बोल्ट

नागपूरचा हवाई इतिहास ज्या मोजक्या माणसांनी काळाच्या दाढेतून ओढून काढला, त्यांत माझी गणना होते. निदान आमच्या समितीच्या अहवालात होते. प्रत्यक्षात मी निघालेले बोल्ट रॉकेलच्या डब्यात टाकत होतो आणि कोणी सांगितलं तर शिडी धरत होतो.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. सोनेगावच्या विमानतळावर कुंपणाला लागून एक निवृत्त डाकोटा विमान उभं होतं. एके काळी ते दिवसा प्रवासी आणि रात्री टपाल वाहायचं. आता त्याच्या पंखाखाली बकऱ्या बसत. तिथला सगळा जुना माल एका भंगार ठेकेदाराने घेतला होता. हे विमान एका कॉलेजच्या मैदानावर जपून ठेवावं म्हणून आम्ही समिती काढली. समितीला अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, लेटरहेड होतं. पाना कसा धरतात हे माहीत असलेली माणसं दोन होती.

एक मिस्त्री. घर उमरेडच्या विणकरांचं, पण हे माग सोडून विमानांच्या दुरुस्तीत शिरले आणि या एका विमानाची त्यांनी वीसेक वर्षं देखभाल केली. ते त्याला 'म्हातारी' म्हणत. त्यात बसून कधी कुठे गेलात का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नाही बावा. मले मालूम होतं ना, तिच्यात काय काय ढिल्लं हाये ते." पण ती कापली जाणार हे कळल्यापासून ते धड जेवत नाहीत, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं.

दुसरा खापरखेड्याच्या वीज केंद्रातला फिटर. तो रजा टाकून आला होता.

ठेकेदाराशी ठरलं ते असं: अमुक तारखेला सूर्यास्तापर्यंत विमान फाटकाबाहेर गेलं तर आमचं, नाही तर गॅस कटरने त्याचे तुकडे. कागदावर सही मी केली. मी इतिहास शिकवत असे, आयुष्य तारखांत गेलेलं, तरी पंचांग बघायचं सुचलं नाही. ती तारीख खांडेनवमीची निघाली.

तेही निभावलं असतं. पंख उतरवल्याशिवाय विमान फाटकातून जाणार नव्हतं, आणि ते काम मिस्त्रींनी अष्टमीलाच संपवायचं ठरवलं होतं. पण अष्टमीला अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले. मिस्त्रींच्या हातातला पाना त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, तो उलटा धरून फोटो काढवला आणि मग येणाऱ्या पिढ्यांविषयी ऊन उतरेपर्यंत बोलले. उजवा पंख आधीच उतरला होता. डाव्याचे निम्मे बोल्ट राहिले.

नवमीला सकाळी पोचलो तर डाव्या पंखाच्या सावलीत लाल कापडावर सगळी हत्यारं मांडलेली. हळदकुंकू, झेंडू, नारळ. मिस्त्री धुतलेल्या धोतरात.

"मिस्त्री, आज शेवटचा दिवस," मी म्हणालो.

"मले मालूम हाये, सर. पण आज पान्याले हात लागत नाही. उद्या उत्तरपूजा झाली का उचलीन."

"उद्या म्हातारी उरणार नाही."

ते नारळाची शेंडी सरळ करत बसले.

फिटरने आपली पिशवी उघडली. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यांच्याकडे हत्यारं पुजत नसत. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर त्याची पाणी वाटायची पाळी होती, तेव्हा त्यालाही आजच उरकायचं होतं. पण त्याचे पाने त्या सांध्यात शिरेनात. पंखाच्या मुळाशी जागाच इतकी चिंचोळी, की तिथे फक्त मिस्त्रींनी इतवारीतल्या लोहाराकडून वाकवून घेतलेला पाना जायचा. तो नारळाला टेकून पडला होता.

अकरा वाजले. मिस्त्री उठले, विमानाभोवती एक चक्कर मारून आले आणि फिटरसमोर उभे राहिले.

"काहून गा, तुमच्यात आज हत्यार उचलाले चालते ना?"

"आमच्यात रोजच चालते, काका. तुमच्या पान्याले चालते का, ते त्याले विचारा."

"मस्करी नको करू. मी तिकडं तोंड करून बसतो. म्या पाह्यलं नाही म्हंजे झालं."

"आन् देवानं पाह्यलं तं?"

"तं त्याले सांग, मिस्तरी तिकडं तोंड करून बसला होता."

ते खरंच धावपट्टीकडे तोंड करून बसले. फिटरने पान्यावरचं फूल उचलून नीट बाजूला ठेवलं आणि कामाला लागला. थोड्या वेळाने पाठमोऱ्या मिस्त्रींचा आवाज आला.

"जोर नको लावू. तो आडमुठा हाये. आंधी जरासा कस, मंग ढिल्ला कर."

फिटरने तसं केलं. बोल्ट सुटला. पुढे दुपारभर मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगत होते आणि एकदाही चुकले नाहीत. मान मात्र एकदाही वळवली नाही.

पाचच्या सुमाराला पंख पोत्यांच्या थप्पीवर उतरला. विमानाची शेपटी ट्रॅक्टरला बांधली आणि म्हातारी उलट्या पावली फाटकाकडे निघाली. मागून हातगाड्यांवर पंख. मिस्त्रींनी पाना पुसून जागेवर ठेवला, त्याला पुन्हा कुंकू लावलं, स्वतःचे कान धरले, आणि मग विमानाच्या नाकावर तळवा टेकवून सोबत चालत गेले.

फाटकाबाहेर ठेकेदार उभा होता. कपाळाला टिळा, हातात पेढ्यांचा पुडा. सूर्य अजून वर होता. मी जरा ताठ होऊन म्हणालो, "आता तुमचा कटर परत न्या."

"आज कुठला कटर, सर?" तो म्हणाला. "घ्या, प्रसाद घ्या."

कटर त्याच्या गोदामात हार घालून पूजेला मांडलेला होता, आणि त्याची माणसं दसरा करून सोमवारी कामावर येणार होती.