ढगाळ आठवड्यांचं काय?

अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या देशाच्या वीज खात्यातली अधिकारी बसायची. सरकारी स्कॉलरशिपवर मास्टर्सला आलेली, माझ्याहून बरीच मोठी. लॅबमध्ये सगळे तिला नावाने हाक मारत. माझी जीभ रेटेना, म्हणून मी ताई म्हणायचे. तिलाही ते आवडलं.

ताईच्या अख्ख्या देशात आमच्या जळगाव तालुक्याहून कमी माणसं. तिथल्या सरकारने जाहीर करून टाकलं होतं, की थोड्याच वर्षांत सगळी वीज सूर्याची आणि वाऱ्याची. ते जमतं का, हे कॉम्प्युटरवर तपासायचं काम ताईकडे. तिचं मॉडेल वर्षभर छान चालायचं आणि पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांत झोपायचं. बॅटऱ्या संपायच्या. जादा बॅटऱ्या परवडत नव्हत्या, आणि मदत म्हणून आलेली यंत्रं इतक्या वेगवेगळ्या देशांतली, की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नसे.

"मग लोडशेडिंग करा ना," मी म्हणाले. त्यात काय मोठंसं? माझी सगळी शाळा लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर झालेली. मी तिच्या स्क्रीनवरच्या नकाशातल्या विजेच्या एका लाइनवर बोट ठेवलं. त्या लाइनवर दवाखाना आहे, ताईने शांतपणे सांगितलं. मग दुसरी? तिथे मासे ठेवायचं कोल्ड स्टोरेज. ते बंद पडलं तर गावाचा धंदा बुडतो. तिसरीवर ऑक्सिजनचं मशीन लावून झोपणारे एक आजोबा होते. देशाचं धोरण तपासणारी बाई कुठल्या घरात कोण झोपतं ते सांगते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तिच्याबद्दल भयंकर आदर वाटला. मी बोट उचललं.

तिचा निष्कर्ष सरळ होता: जुने डिझेल जनरेटर आणखी काही वर्षं ठेवा, मुदत पुढे ढकला. पण जाहीर केलेली मुदत पाळली तरच परदेशी मदत मिळणार होती. खात्याच्या सचिवांचा व्हिडिओ कॉल ठरला, तेव्हा तिने मला कॅमेऱ्यात दिसणार नाही असं शेजारी बसवून घेतलं.

सचिव बराच वेळ बोलले. पंतप्रधानांनी शब्द दिलाय, रिपोर्टमध्ये 'शक्य आहे' एवढंच लिहा, नाहीतर परत आल्यावर तुमची खुर्ची असेलच असं नाही. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

"लिहिते," ताई म्हणाली. "मग ढगाळ आठवड्यांत कोणाकोणाची वीज तोडायची, त्यांची नावंही खाली लिहिते. त्यावर तुमची सही लागेल."

सहीचं नाव निघताच सचिवांचा सूर बदलला. म्हणाले, आहे तसाच रिपोर्ट पाठवा, पण मंत्रिमंडळासमोर तो तुम्हीच मांडायचा, मी मध्ये पडणार नाही.

"मांडते," ती म्हणाली. आवाज अगदी पक्का होता. टेबलाखाली मात्र तिने माझं मनगट घट्ट पकडलं होतं, आणि कॉल संपला तरी सोडलं नाही.