चितेतून न आलेला आवाज

नोकरीत मी पुष्कळ प्रेते पाहिली. पण जी चिता मी पाहिलीही नाही, तीच माझ्या मनातून अजून विझलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी पाटण पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. एके सकाळी कोयनानगरहून एक विधवा बाई दिराला घेऊन ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने तक्रार विचारली, तर ती म्हणाली, "साहेब, ते फुटलं न्हाई."

तिला पाणी दिले, मग हळूहळू उलगडा झाला. तिच्या नवऱ्याच्या छातीत वर्षापूर्वी सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात पेसमेकर बसवला होता. मृत्यू आल्यास आधी आम्हाला कळवा, आमचा माणूस यंत्र काढून नेईल, नाहीतर ते चितेत फुटते, असे तिथे बजावले होते. नवरा गेला तेव्हा वाटेत दरड कोसळून रस्ता बंद होता. शेवटी तसाच अग्नी दिला आणि सगळा गाव लांब बांधावर जाऊन उभा राहिला.

"समदी कानावर हात धरून हुती," दीर म्हणाला. "आता फुटंल, मग फुटंल. कुणी बोलंना. पार राख झाली, पर आवाज न्हाई. सावडताना आमी राख चाळली. लोखंडाचा कपटा न्हाई."

मयत सरकारी नोकर. यंत्र, शस्त्रक्रिया, देखरेख असे सगळे बिलात लावलेले, आणि खात्याने ते भरलेले. पण देह जळून गेला होता. यंत्र बसवलेच नव्हते, याचा पुरावा आणायचा कुठून?

मी बाईंना विचारले, "दवाखान्यात आणखी कुणी होतं?"

"शेजारच्या खाटेवर वडूजचं गुरुजी हुतं. त्यांलाबी तेच बसवलंय."

मी वडूजला गेलो. गुरुजींनी सदरा बाजूला करून डाव्या खांद्याखालचा व्रण दाखवला. "यंत्र उत्तम चाललंय, साहेब. कुशीवर वळलो की टिकटिक ऐकू येती. मग झोप लागती."

त्यांना साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. एक्स-रे पाहून तिथल्या डॉक्टरांनी गुरुजींची नाडी धरून पाहिली. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "आत काहीच नाही. नुसती कातडी कापून शिवलीय. आणि यांची नाडी इतकी संथ आहे, की यंत्राची खरोखर गरज आहे."

सांगली पोलिसांच्या मदतीने दवाखान्याची झडती घेतली. तिथला शस्त्रक्रियागृहातला मदतनीस दिवसभर 'मला ठाऊक नाही' म्हणत राहिला. मी धाक घातला नाही. गुरुजींना टिकटिक ऐकू येते, एवढेच सांगितले. त्याचा चेहरा उतरला.

"मशीन एकच हाय, साहेब," तो म्हणाला. "नातेवाइकांना डबा उघडून दाखवायचं, आत न्यायचं, परत कपाटात ठेवायचं."

ते यंत्र पंचनामा करून जप्त केले. ते फुटेल या भीतीने मुद्देमालाच्या खोलीजवळ आमचा जुना हवालदार एकटा बसेना. दवाखान्याचा डॉक्टर मात्र शांत होता. जबाब देताना म्हणाला, "गुरुजींना बरं वाटतंय ना? मग तक्रार कुणाची?"

"आणि कोयनेचे गृहस्थ?"

"त्यांनाही वर्षभर बरंच वाटत होतं."

न्यायालयात फसवणूक सिद्ध झाली. त्या मृत्यूचा दोष मात्र आम्हाला सिद्ध करता आला नाही.

गुरुजींना पुण्यात खरे यंत्र बसले. काही दिवसांनी ते नवा एक्स-रे घेऊन मला भेटायला आले. "डॉक्टर म्हणत्यात आहे. मुलगा म्हणतोय आहे. तुमी बघा."

मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. यंत्राची सावली स्पष्ट दिसत होती. मला त्यातले काय कळणार? तरी नीट पाहून म्हणालो, "आहे, गुरुजी."

त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला.

दोषारोपपत्र दाखल झाले की तपास संपतो, असे मी तोवर समजत होतो. फसलेल्या माणसाला शिक्षेपेक्षाही एक गोष्ट जास्त हवी असते. ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल अशा कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याला 'आहे' म्हणावे लागते.