थोरल्या वहिनीचा शर्ट

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुणी थोरल्या वहिनीची आठवण काढली, की मी बोलणं पाण्याकडे आणि टँकरकडे वळवायचो. आमच्या भागात तो विषय कधी संपत नाही. आता वय झालं, ऐकणारेही थोडे उरले, म्हणून लिहूनच टाकतो.

थोरल्या वहिनीइतका कपड्यांचा सोस असलेली आणि तिच्याइतके विटके कपडे घालणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची, ती बायको. दोघं वर्षातले सहा महिने कारखान्याला ऊस तोडायला जात. उसाचं पातं हात कापतं, म्हणून आमच्याकडच्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. बाकीच्या बायका फडातून आल्या की तो काढून ठेवत. वहिनी तो घालून लग्नाला जाई. गेवराईच्या एका लग्नात नवरीची आई हळूच म्हणाली, "आक्का, मांडवात तेवढा शर्ट काढा की." वहिनी म्हणाली, "काढते. आदी नवरदेवाचा कोट काढा. माझा शर्ट निदान कामाचा हाय, त्याचा कोट कशाच्या कामाचा हाय?" शर्ट राहिला, कोटही राहिला.

इतर बायकांच्या साड्या लग्नाच्या, बारशाच्या असतात. वहिनीच्या पत्र्याच्या पेटीत मोर्च्याचं लुगडं, उपोषणाचं पोलकं आणि घेरावाच्या चपला होत्या. चपलांतली एक दुसऱ्याच बाईची होती, पळापळीत बदललेली. ती बाई चार वेळा मागायला आली. वहिनीनं तिला नवा जोड घेऊन दिला, पण ती चप्पल दिली नाही. उपोषणाचं पोलकं अंगात असताना ती घासभरही खात नसे. दुष्काळाच्या वर्षांत पिठाचा डबा वाजायला लागला, की नेमकं तेच पोलकं अंगात दिसायचं. मी विचारलं तर म्हणे, "हे घातलं का भूकच लागत न्हाई, भावजी. लई गुणाचं हाय." मी हसायचो. डब्यात डोकावून बघावं असं मला कधी सुचलं नाही.

सगळ्यात मोलाचा होता तो शर्टच. एका दुष्काळी साली मजुरांनी कोयते बंद ठेवले. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं धरतात, पण मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं लागतं. दरवाढ सगळ्यांनाच हवी होती. 'बाईचं नाव येगळं लिवा' ही मागणी एकट्या वहिनीची. पुढारी हसले, तरी तिनं ती सोडली नाही. संप फोडायला माजलगावच्या रस्त्यानं मजूर भरलेला ट्रक निघाला, तेव्हा ती त्याच्यापुढं जाऊन बसली आणि तिच्यामागं गावच्या बायका बसल्या. ओढाओढीत तिच्या शर्टाची डावी बाही खांद्यापासून फाटली. ट्रक माघारी गेला. दादा त्या दिवशी मित्राच्या साखरपुड्याला परगावी होता.

पुढं मजुरांची सहकारी संस्था निघाली, मी तिचा सचिव झालो. कचेरीत काचेचं कपाट आलं आणि त्यात ठेवायला वहिनीनं तो शर्ट दिला. "शिवू नगा," म्हणाली, "फाटलाय म्हनून तर ठिवायचा." खाली लावायची चिठ्ठी मी लिहिली. समोर सभासदांचं रजिस्टर होतं, त्यात कोयता दादाच्या नावावर. मी दादाचं नाव लिहिलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. हात सवयीनं तिकडं गेला. लक्षात आलं तोवर कपाटाला कुलूप लागलं होतं आणि अध्यक्षांचं भाषण चालू होतं. नंतर नवी चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागली असती. पण मग आधीची चुकली होती हे चारचौघांत कबूल करावं लागलं असतं, आणि सचिव माणूस चुकत नाही अशी माझी तेव्हा समजूत होती.

वहिनीला वाचता येत नव्हतं. बाजारच्या दिवशी ती दोन-तीन बायका घेऊन यायची. "भावजी, वाचा." मी तिचं नाव खणखणीत वाचायचो. बायका पदर तोंडाला लावत. "वहीत न्हाई तर न्हाई," वहिनी म्हणे, "काचंत तर आलं." एकदा तिनं काचेवर बोट टेकवलं. "ह्यातलं माझं नाव कुठलं? हितून हितवर का?" मी हो म्हणालो. मग दर बाजाराला ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत उभी राहू लागली. मी समोर खाली मान घालून पावत्या फाडत बसायचो.

गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला नाव लिहिता येतं का. वहिनी उठली, फळ्यापाशी गेली आणि एका दमात लिहून मोकळी झाली. बाई म्हणाल्या, "आजी, हे तर तुमच्या मालकांचं नाव. तुमचं लिहा ना."

"माझंच हाय ते. सचिवानं सांगितलंय."

मागं बसलेल्या बायका हसल्या. हे सगळं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी मोठी गंमत म्हणून सांगितलं.

पुढच्या बाजाराला वहिनी एकटीच आली. "काच उघडा," एवढंच म्हणाली. शर्टाची घडी केली, काखेत मारली. मी चिठ्ठी काढायला हात घातला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ज्याचं नाव हाय त्याला दुसरा शर्ट मागा."

त्यानंतर तिनं बोलणं टाकलं नाही. सणाला माझं ताट वाढलेलं असे, चेष्टाही पूर्वीसारखीच चाले. फक्त कागद दिसला की ती तो माझ्याकडं न देता स्वतः डोळ्यांजवळ धरून, अक्षर अक्षर लावत वाचायची. कितीही वेळ लागो. मी समोर बसलेला असे.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो. 'वहिनी, चिठ्ठी मी लिहिली, आणि खोटं मी वाचलं' हे वाक्य एसटीत बसल्यापासून मनात म्हणत होतो. सून चहा ठेवून आत गेली. खोलीत आम्ही दोघंच.

"येवढ्या उन्हाचं आलाव, भावजी," वहिनी म्हणाली. "काय बोलायचं व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "सहज आलतो."

तिनं कपबशी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "चहा घ्या. निवतोय."

मी चहा घेतला.