भिजवलेली पाकिटं

रोज सकाळी दार उघडलं की ताई ‘हात लावू नये’ ही पाटी उचलायच्या आणि भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. मग पदर खोचून म्हणायच्या, “येऊ द्या आता कोण येतंय ते.”

येत कोणीच नव्हतं. चंडीगडला सेक्टर १७ मधलं आमचं टपाल तिकिटांचं संग्रहालय म्हणजे सरकारी इमारतीतली एक लांबट खोली. तुम्हीही अशा खोल्या पाहिल्या असतील. ऊन लागलं म्हणून माणूस शिरतो आणि लगेच बाहेर पडतो. आत आम्ही दोघी मराठी बायका. ताई प्रमुख, सांगलीच्या. मी हाताखालची, अकोल्याची आणि त्या खोलीला मनापासून वैतागलेली.

वरून निरोप आला होता की वर्षभरात लोक आले नाहीत तर खोली पार्सलांच्या गोदामाला जाईल. त्याच सुमारास ताईंची सांगलीला बदली झाली. लोक ज्या बदलीसाठी खेटे घालतात, ती या बाईंनी स्वतःहून वर्षभर पुढे ढकलून घेतली. नवरा फोनवर कावलेला. “अहो, मी गेले की हे लोक दुसऱ्या दिवशी कुलूप लावतील,” एवढंच त्या सांगायच्या. मला वाटलं, यांचं डोकं फिरलंय.

ते वर्ष आम्ही पायाला भिंगरी लावून काढलं. मनीमाजऱ्याच्या बाजारात टेबल टाकलं, शाळाशाळांतून प्रदर्शनं मांडली, मोहालीत सेक्टर ६७ मधल्या औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनस्पतींची तिकिटं दाखवली. ताईंचं हिंदी अस्सल सांगलीचं. “हाथ लगाव की बेटा,” म्हणायच्या आणि पंजाबी पोरं खिदळत हात लावायची. मी कुरकुरले की ठरलेलं उत्तर यायचं, “होतंय की सगळं.”

जुन्या पाकिटावरचं तिकीट कसं सोडवायचं, हेही त्या शिकवायच्या. कोपरा कापून कोमट पाण्यात ठेवायचा, तिकीट आपोआप सुटतं, मग वर्तमानपत्रावर वाळवायचं. पोरांना हे भारी आवडायचं. एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. नवं तिकीट निघतं त्याच दिवसाचा शिक्का मारलेलं खास पाकीट असतं, ते कधी भिजवायचं नसतं. मोल अख्ख्या पाकिटाला असतं. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाला सांगावं लागेल हे सुचलंच नाही.

एका मुलीनं घरी जाऊन आजोबांचा अशा पाकिटांचा अख्खा डबा पाण्याच्या बादलीत ओतला.

आणि आजोबा कोण, तर आमच्या वर्षअखेरच्या प्रदर्शनात ज्यांचा संग्रह मांडायचा होता, तेच निवृत्त सरदारजी. सगळी भिस्त त्या प्रदर्शनावर होती. मुलीच्या आईचा फोन आला आणि ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. “मी सांगायला पाहिजे होतं गं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला भडभडून आलं. ही खोली जाऊ नये, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरदारजी नातीला घेऊन आले. ताईंनी हात जोडले. “माफ करना जी. गलती मेरी है, बच्ची को डांटना नहीं.”

सरदारजींनी पिशवीतून सुरकुतलेली पाकिटं काढली, सुटी तिकिटं काढली, टेबलावर पसरली. मग म्हणाले, “मॅडमजी, इतने साल डब्बा बंद पड़ा था. घर में किसी ने पूछा नहीं कि इसमें क्या है. कल से ये लड़की मुझे छोड़ती नहीं. कौन सी टिकट किस लिफाफे की, हम दोनों मिला रहे हैं. कुछ बाकी हैं, आप भी बैठो.”

शिक्क्याचा अर्धा गोल तिकिटावर असतो, अर्धा पाकिटावर. ते अर्धे जुळवत आम्ही चौघं दुपारभर बसलो.

प्रदर्शनात ताईंनी तेच मांडलं. एका बाजूला पाकिटं, दुसऱ्या बाजूला तिकिटं. जो येईल त्यानं जोडी लावायची. सरदारजी खुर्ची टाकून बसले, चुकणाऱ्याला हसत टोकायचे. बाहेर प्लाझात, म्हणजे बाजाराच्या चौकात, आइस्क्रीम खात हिंडणारे लोक कप टाकून आत यायला लागले. संध्याकाळी दार लावायला माणसांना अक्षरशः विनवावं लागे.

महिन्याभरात कागद आला, खोली राहणार. ताईंनी तो वाचला, नवऱ्याला फोन लावला, “येते आता. सामान बांधायला घेते.” माझ्या छातीवरचा दगड उतरला, त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

आता त्या सांगलीत असतात. इथं नवे साहेब आलेत, चांगले आहेत. पण ताई म्हटलं की मला कागद आला ती दुपार आठवते. नवऱ्याशी बोलून फोन ठेवला, त्या पाहुण्यांच्या बाकावर टेकल्या आणि बघता बघता तिथंच आडव्या होऊन गाढ झोपल्या, तोंड उघडं टाकून. तेवढ्यात शाळेची पोरं आली. एकीनं विचारलं, “मॅडमजी बीमार हैं?”

“नहीं,” मी म्हटलं, “सो रही हैं. धीरे देखो.”

ती सगळी फौज चवड्यांवर चालत काचेमागची तिकिटं बघत गेली, आणि मी टेबलावरचा पंखा ताईंकडे वळवला.