वरणाची मनाई

"तुमची गाठ आता या औषधाला दाद देत नाही," नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. अंडाशयाचा कॅन्सर आहे हे कळलं, त्या दिवशीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा निदान औषध तरी होतं.

सुरुवात पोट फुगण्यापासून झाली. मी मारेगावला शाळेत शिकवते. साडीच्या निऱ्या नीट बसेनात, तर मी गॅस समजून ओवा चावत राहिले. बायांनो, तुम्ही मात्र वेळेत सोनोग्राफी करून घ्या.

केमोथेरपीने, म्हणजे सलाइनमधून दिलेल्या औषधांनी, गाठ आधी लहान झाली आणि मग पुन्हा वाढू लागली. याला रेझिस्टन्स म्हणतात. पेशी औषधाला निर्ढावतात.

माझे यजमान कापूस आणि तूर पिकवतात. त्या साली बोंडअळीने सगळ्या तालुक्याची झोप उडवली होती, तरी ते एकही फेरी न चुकवता माझ्यासोबत यायचे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काहून निर्ढावली, ते सांगा मले."

डॉक्टरबाईंनी न कंटाळता सांगितलं, "पेशींवर सेल अ‍ॅडहिजन प्रोटीन असतात. म्हणजे एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं. काही कॅन्सरच्या पेशी अशा घट्ट बिलगल्या की आपलं अँटिऑक्सिडंट संरक्षण वाढवतात. औषध त्यांना आतून जाळू बघतं आणि त्या ती आग विझवतात. यांच्या गाठीत हेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण असं होऊ शकतं. आपण औषध बदलू."

"म्हणजे कापसाची कवडी," यजमान म्हणाले. "बोंड उमलतच नाही. कापूस आत चिकटून बसते, अन् फवारा जाते वरून."

"जवळपास तसंच," डॉक्टरबाई हसल्या.

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझं वरण बंद. अंडी, चणे, दूध, सगळं बंद. "त्या गाठीले प्रोटीन पाहिजे, आपण कायले देऊन राह्यलो?" असा यजमानांचा हिशेब. वर कुणी तरी ताकदीसाठी सुचवलेली अँटिऑक्सिडंटची पूड ते स्वतःच्या हाताने कालवून मला पाजत. मी भांडले, रुसले. पण सकाळी उठून चूल पेटवून माझ्यासाठी मऊ भाकरी करणाऱ्या माणसाशी किती भांडणार?

पुढच्या फेरीला वजन इतकं उतरलं होतं की नवी केमो पुढे ढकलावी लागली. एकच औषध हाताशी, आणि ते पेलायला अंगात ताकद नाही. मी तिथेच रडले.

"खाता काय तुम्ही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

यजमानांनी अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती प्रथिनं पेशी स्वतः बनवतात. वरण बंद करून गाठ उपाशी मरत नाही, बाई मरते! आणि ती पूड आधी थांबवा. ती औषधाच्याच आड येऊ शकते. जेवणातला आवळा चालेल, पण पूड, गोळ्या मला विचारल्याशिवाय नको."

यजमानांचा चेहरा पडला. परतताना बसमध्ये त्यांनी पूर्ण वाट माझा हात सोडला नाही.

घरी येताच त्यांनी कुकर लावला. आमच्याच वावरातल्या तुरीचं वरण, त्यावर लसणाची फोडणी. मला वाढलं आणि मग स्वतःच्या ताटात इतकं ओतलं की भात दिसेना. भुरके मारत जेवत होते.

"असे काय उपाशासारखे खाता?" मी विचारलं.

"लय दिवसांनं खाऊन राह्यलो ना."

"तुम्हाला कुणी मनाई केली होती?"

"तुले नाही, त मले कायले पाहिजे?" ते खाली बघत म्हणाले.

मला वाटत होतं, माझ्या ताटातलंच वरण गेलं होतं. माझं लक्षच नव्हतं.

नव्या औषधाने गाठ आकसली आहे. पुन्हा वाढणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. घट्ट धरून राहण्याची विद्या काही फक्त त्या पेशींनाच येते असं नाही. वाटीत वरण आहे, समोर हे बसले आहेत, आणि मला अजून थोडं वाढून हवं आहे.