माझ्या मापाची मूठ

माझे हात मोठे आहेत. हे मीच आधी सांगून टाकते, कारण मी सांगितलं नाही तर लोक पाठीमागे सांगतात. कासाराकडे गेले की तो एकदा हाताकडे बघतो, एकदा तोंडाकडे, आणि मग सगळ्यात वरच्या फळीवरचा धुळकट डबा काढतो. रबरी हातमोजे घ्यायला गेले तर दुकानदार विचारतो, मिस्टरांसाठी का? मिस्टरांचा हात माझ्या तळव्यात आरामात मावतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही, हसतात. वाटायचं ते इतरांनाच वाटतं.

चाळिशी उलटल्यावर मी नेमबाजी शिकायला लागले. लोणावळ्याच्या आमच्या शाळेतल्या मुलांना एकदा घोरावाडी स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये नेलं होतं. तिथे एअर पिस्तुलाचा वर्ग चालतो. मुलं दोन-दोन छर्रे मारून कंटाळली, पण मला तिथून निघवेना. दहा मीटरवर कागद, कागदावर काळा गोल, आणि आपण. मध्ये कुणी बोलत नाही. दिवसभर गणित शिकवणाऱ्या बाईला त्या शांततेची किंमत कळते. पुढच्याच रविवारपासून मी जायला लागले.

अडचण पिस्तुलाच्या मुठीची होती. तिला तिथे सगळे ग्रिप म्हणतात. लाकडाची असते, हाताच्या आकाराला कोरलेली. बायकांच्या पिस्तुलांना लहान ग्रिप आणि पुरुषांच्या पिस्तुलांना मोठी, असा तिथला रिवाज. लहान ग्रिप धरली की माझी बोटं पूर्ण वळसा घालून परत तळव्याला येऊन टेकायची. ट्रिगरवर बोटाचं टोक यायला हवं, माझं बोट त्याच्या पार पलीकडे जायचं. मग दाबताना पिस्तूल ओढलं जायचं आणि छर्रे गोलाच्या उजव्या बाजूला जाऊन बसायचे. सगळे एकाच जागी, शहाण्यासारखे, पण उजवीकडे.

"मॅडम, हात आवळू नका," सर म्हणायचे. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक, माझ्याहून वयाने लहान. "जोर फार लावता तुम्ही. शेतातला हात दिसतो."

शेतातलाच आहे. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, सर, हात ठीक आहे, ग्रिप लहान आहे. तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले.

"सर, कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं," मी म्हटलं.

मग कुणी हसलं नाही. सरांनी थंडपणे सांगितलं की जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी लवकरच निवड आहे, आणि छर्रे मध्ये आले नाहीत तर माझं नाव जाणार नाही. मला जायचं होतं. या वयात मला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटेल, असं मलाच वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मळवलीला उतरून आईकडे गेले. पुण्याच्या एका कुटुंबाच्या बंगल्याची राखण आई आणि आबा, माझे वडील, कित्येक वर्षं करतात. मागच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या, आणि ओढ्यापलीकडे आमचं थोडं भातखाचर. माझे हात आईकडून आलेत. तेच रुंद पंजे, तीच लांब बोटं. फरक एवढाच की आईने ते जन्मभर झाकले. विहारात बुद्धपौर्णिमेला सगळ्यांचा फोटो निघतो. दरवर्षीच्या फोटोत आईचे हात पदराखाली. मला बघायला पाहुणे आले तेव्हा तिने पोह्यांची ताटली कशी धरायची हे मला शिकवलं होतं, बोटं खाली दुमडून. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणायची. पाहुण्यांतल्या एका मावशींना बोटं दिसलीच. "हात मोठाले हायेत, कामाला बरे," त्या म्हणाल्या, बैलाच्या खांद्यावर थाप मारावी तशा. आई गप्प बसली. मला त्या बाईचा राग आला होता, पण आईच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

मी ग्रिपचं सगळं सांगितलं. आई तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून ती आत गेली आणि आपला विळा घेऊन आली. आमच्याकडे बायकांचे विळे हलके, बारीक मुठीचे. आईच्या विळ्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असते, घट्ट, थरावर थर. मी लहानपणापासून ती बघत आले होते. हाताला घट्टे पडू नयेत म्हणून असेल, एवढंच मला वाटायचं.

"बारीक मूठ हातात फिरती," आई म्हणाली. "मग मनगाट भरून येतं. चिंधी लावली की बसती. तू बी लाव."

मी लावली. सुती साडीची पट्टी, दोन वेढे. त्या रविवारी छर्रे गोलात आले. आनंद दहा मिनिटं टिकला. सरांनी येऊन पट्टी सोडली. "स्पर्धेच्या तपासणीत हे काढायला लावतील. पिस्तूल आहे मॅडम, विळा नाही." मग जरा नरमून म्हणाले, "स्वतःची ग्रिप आणा, मी बसवून देतो. लेडीज आणा फक्त."

पुण्यातल्या एका दुकानात ग्रिप मिळतात. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलने रेघ मारायची आणि फोटो पाठवायचा, ते माप बघतात. मी पाठवला. फोन आला, "मॅडम, तुमच्या हाताचं माप पाठवा. हे साहेबांचं आलंय."

मी पुन्हा पंजा काढला, या वेळी मनगटातल्या बांगड्यांसकट, आणि पाठवला. उत्तर आलं की बहुतेक फोटो जवळून काढल्यामुळे मोठा दिसतोय, लेडीज मीडियम पाठवून देतो. मी लिहिलं, पाठवू नका, मी हातच घेऊन येते.

दुकानदार सभ्य माणूस होता. त्याच्या काउंटरवर एक पाटी होती, तिच्यावर लहान, मध्यम, मोठा अशा तीन पंजांच्या रेघा. मी पाटीवर हात ठेवला. मोठ्या पंजाची रेघ माझ्या हाताखाली दिसेनाशी झाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तरी त्याने आधी मध्यमच काढली, अक्रोडाची, गुळगुळीत, चकचकीत. "दिसायला छान आहे. आतून थोडी कानशीने घासली की बसेल."

"मोठी दाखवा."

ती कपाटाच्या तळाशी होती. पट्ट्या चिकटवून केलेलं लाकूड, रंग विटलेला, एका बाजूला ओरखडा. दाखवायला ठेवलेल्या पिस्तुलावर त्याने ती चढवली. मी घाई केली नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागे वरपर्यंत चढली. तीन बोटं खाचांत बसली आणि त्यांची टोकं तळव्याला टेकली नाहीत. मुठीच्या तळाची, हात टेकायची पट्टी हाताच्या कडेला नुसती लागली, रुतली नाही. ट्रिगरवर बोटाचं टोक आलं, सरळ. मग समोरच्या भिंतीकडे बघून डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये उभी होती. मला काही करावंच लागलं नाही.

"पण मॅडम, ही जेंट्सची आहे," तो म्हणाला.

"लाकडाला ते माहीत आहे का?" मी विचारलं, आणि घेतली.

निवडीच्या दिवशी नव्या ग्रिपने छर्रे मध्ये पडले. सगळे नाही, पण पुरेसे. माझं नाव गेलं. सर जवळ येऊन म्हणाले, "बघा, हात हलका केलात आणि किती फरक पडला."

"हात तोच आहे सर. अंगण सरळ करून घेतलं."

ते त्यांना आवडलं नाही. मला आवडलं.

स्पर्धेआधी ती नुसती ग्रिप काढून मी आईला दाखवायला नेली. आईने हात पुसला, ती उलटीसुलटी केली आणि मुठीत धरली. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"ह्याला चिंधी न्हाई लागत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विळ्याची चिंधी सोडली. कितीतरी वर्षांचे थर होते, आतून काळी पडलेली बारीक मूठ निघाली. मला म्हणाली, चल माझ्यासंगं. नाक्यावरच्या सुताराकडे आम्ही गेलो. तिने विळा त्याच्यापुढे ठेवला आणि नवी मूठ बसवून मागितली, जाड.

"आबांच्या मापाची करू का मावशी?" त्याने विचारलं.

आईने पदराखालून हात काढला. भुसा पडलेल्या फळीवर तो पालथा ठेवला, पाचही बोटं पसरून. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. ती बघत होती.

"माझ्या मापाची," ती म्हणाली. "हा घे हात. नीट मोज."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. त्याचं मोजून झालं तरी आईने हात उचलला नाही.